गळ्यातले धरणवाले

कणीस खाताना बोलू नये म्हणतात. पण माझी भाची ऐकते कुठे!

आम्ही दोघं पानशेतच्या भिंतीजवळ उभे होतो. जुलै महिना. वरून भुरभुर पाऊस, हातात तिखटमीठ-लिंबू लावलेलं गरमागरम कणीस, समोर धरणाचं पाणी. भाची चौथीत आहे. तोंडात मक्याचे दाणे, दातांवर मसाला, आणि प्रश्न तयार!

"मामा, एवढं पाणी भरलंय. आता पुरे झालं, हे धरणाला कसं कळतं?"

"धरणाला कळत नाही. धरणवाल्यांना कळतं," मी म्हटलं. "ते पाण्याची पातळी मोजतात. पट्टीवर आकडे असतात ना, ते बघतात आणि ठरवतात, सोडायचं की अडवायचं."

"आणि ती पट्टीच दिसेनाशी झाली तर?"

दोस्ता, हा प्रश्न ऐकून मी कणीस खायचा थांबलो! कारण नेमकी हीच गोष्ट आपल्या शरीरात कधी कधी घडते. खरंच! तुझ्या शरीरात एक धरण आहे. त्याचे धरणवाले आहेत. त्यांची एक पट्टी आहे. आणि हे धरणवाले राहतात कुठे माहितेय? तुझ्या गळ्यात!

थांब, हसू नकोस. गळ्यावर समोरून बोटं ठेव. आता आवंढा गिळ. काहीतरी वर सरकलं आणि खाली आलं ना? तिथेच जरा खालच्या अंगाला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी आहे. तिचं नाव अवटू, म्हणजेच थायरॉइड. ग्रंथी म्हणजे चिठ्ठ्या लिहून रक्तातून पाठवणारं छोटंसं ऑफिस समज. या फुलपाखराच्या पंखांमागे चार इवलेसे ठिपके लपलेले असतात. त्यांना म्हणतात परावटू ग्रंथी, पॅराथायरॉइड.

केवढ्या असतील त्या? ओळख बघू! लिंबाएवढ्या? नाही. वाटाण्याएवढ्या? तेवढ्याही नाहीत!

पानशेतकडे येताना वाटेत भातखाचरं दिसतात ना? त्यातल्या भाताच्या एका दाण्याएवढी एक ग्रंथी. रंग पिवळसर तपकिरी. चारही एकत्र तोलल्या तर पाव ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. आणि एवढ्याशा जिवांवर काम कसलं? तुझ्या शरीरातल्या सगळ्या कॅल्शियमची राखण!

आता धरण कुठलं ते सांगतो. तुझी हाडं!

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. किराणा दुकानातल्या साखरेच्या एक किलोच्या पुडीएवढं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत साठवलेलं. आणि रक्तात किती? अर्धा ग्रॅमसुद्धा नाही! नुसती चिमूटभर. पण ती चिमूट फार मोलाची. ती नीट असली तरच हृदय तालात धडधडतं, पायाचे स्नायू पळतात, खरचटलेल्या गुडघ्यावर खपली धरते.

पानशेतचंही असंच आहे बघ. पानशेत धरणात साधारण १०.६५ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आणि खाली खडकवासल्याला? फक्त १.९७ टीएमसी. पण पुण्याचे नळ आणि दौंड-इंदापूरकडे जाणारा कालवा त्या छोट्या खडकवासल्यावरच अवलंबून! उन्हाळ्यात खडकवासल्याची पातळी खाली गेली की पानशेतमधून आंबी नदीत पाणी सोडतात. ते वाहत जाऊन खडकवासल्याला पोचतं. पातळी सावरली की इकडे सोडणं बंद.

हाडं म्हणजे पानशेत. रक्त म्हणजे खडकवासला. आणि मधे पट्टीवर डोळा ठेवून बसलेले चार धरणवाले, तुझ्या गळ्यात.

त्यांची पट्टी फार बारीक मोजते. १०० मिलिलिटर रक्तात ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. जरा कमी झालं की ग्रंथी लगेच चिठ्ठी लिहितात. त्या चिठ्ठीचं नाव पीटीएच. चिठ्ठी हाडांना म्हणते, "थोडं सोडा." मूत्रपिंडांना म्हणते, "लघवीतून वाया घालवू नका." आणि मूत्रपिंडांकडूनच ड जीवनसत्त्वाला कामाला लावते, म्हणजे आतडी जेवणातलं कॅल्शियम जास्त शोषून घेतात. तू नाचणीची भाकरी खातोस किंवा खातेस ना? (नाक मुरडू नकोस, मी पाहिलं!) १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच तांदळात त्याच्या जवळपासही नाही. वेल्ह्याच्या डोंगरउतारावर वर्षानुवर्षं नाचणी पिकते, ती उगाच नाही.

रक्तातलं कॅल्शियम पुरेसं झालं की चिठ्ठ्या थांबतात. आधी पाठवलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या तर चार-पाच मिनिटांतच विरून जातात! शाळेच्या फळ्यावरची सूचना कुणीतरी सारखी पुसत राहावी तशी. हे 'विरून जाणं' लक्षात ठेव हं. पुढे त्याची एक भारी गंमत येणार आहे.

आता विचारशील, एवढ्या इवल्या ग्रंथी शोधल्या कुणी? एका गेंड्यामुळे सापडल्या! आणि गेंडा कुठला? आपला, एकशिंगी भारतीय गेंडा!

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३४ साली एक भारतीय गेंडा आला. पंधरा वर्षं राहिला आणि १८४९ साली मेला. त्याचं शरीर तपासायला घेतलं रिचर्ड ओवेन नावाच्या शास्त्रज्ञाने. 'डायनोसॉर' हा शब्द तुला आवडतो ना? तो याच ओवेनने तयार केला, १८४२ साली. तर ओवेन गेंडा चिरत चिरत गळ्यापर्यंत आला. तिथे अवटू ग्रंथीला चिकटलेला एक छोटा पिवळा गोळा त्याला दिसला. त्याने तो इमानदारीत लिहून ठेवला. एवढा मोठा प्राणी, त्यातला एवढासा ठिपका, आणि याची नजर तिथे गेली! मला तर घरात माझा चष्मा सापडत नाही.

माणसातल्या ग्रंथी मात्र एका विद्यार्थ्याने शोधल्या. स्वीडनमधल्या उपसाला गावात शिकणारा इवार सँडस्ट्रॉम. १८७७ साली त्याला या ग्रंथी पहिल्यांदा एका कुत्र्यात दिसल्या. मग त्याने पन्नास माणसांची मृत शरीरं तपासली आणि १८८० साली सगळं नीट छापलं. तेव्हा आगगाड्या धावत होत्या, तारा जात होत्या, टेलिफोनसुद्धा आला होता. आणि स्वतःच्या गळ्यातले चार दाणे मात्र माणसाला तोवर ठाऊक नव्हते!

अजून एक गंमत. पानशेतच्या पाण्यात मासे आहेत. माशाला परावटू ग्रंथी असते का? नसते! मासा सगळीकडून पाण्यानेच वेढलेला. त्याला कॅल्शियम कल्ल्यांतून पाण्यातूनच मिळतं. पण २००४ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की आपल्या परावटू ग्रंथी घडवणारी जी सूचना आहे, तिच्या जोडीची सूचना माशांच्या कल्ल्यांतही काम करते. म्हणजे काय, तर कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्यातून जमिनीवर आलेल्या आपल्या पूर्वजांनी कल्ल्यांचं सामान गळ्याच्या आत नेऊन ठेवलं असावं!

भाचीने लगेच गळ्याला हात लावला. "माझ्या गळ्यात माशाचे कल्ले?"

"कल्ले नाहीत. कल्ल्यांचे चुलत भाऊ."

आता तिच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. पट्टी दिसेनाशी झाली तर?

कधी कधी या चारांपैकी एक ग्रंथी वाढायला लागते. तांदळाचा दाणा फुगून हरभऱ्याएवढा होतो, शेंगदाण्याएवढा होतो, क्वचित सुपारीएवढाही. यालाच गाठ म्हणतात. 'गाठ' म्हटलं की मोठी माणसं घाबरतात. पण या गाठी बहुतेक वेळा साध्या असतात. शंभर जणांतल्या एखाद्याला कर्करोग असेल, खरं तर त्याहूनही कमी जणांना. आणि मुलांमध्ये तर अशी गाठच फार क्वचित दिसते. तेव्हा तू निवांत कणीस खा.

पण साधी गाठही खोडी करते. तिला पट्टीवरचा आकडा नीट दिसतच नाही! रक्तात कॅल्शियम भरपूर असतं, तरी ही आपली ओरडत राहते, "सोडा! अजून सोडा!" हाडांचं धरण रिकामं होत जातं. रक्तात कॅल्शियम मावेनासं होतं. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडांत जाऊन त्याचे खडे होतात. माणूस थकतो, पोट दुखतं, हाडं ठिसूळ होतात.

पाणी नको तेव्हा सुटलं तर काय होतं, हे पानशेतला वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला, काम पुरतं संपलेलं नसतानाच, हे धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात पूर आला. आताचं धरण नंतर पुन्हा बांधलेलं आहे. घरात कुणी पुण्याचे आजी-आजोबा असतील तर त्यांना विचार. मग एक तास तरी तुला खेळायला जाता येणार नाही.

गाठीची गोष्ट मात्र हळूहळू घडते, वर्षानुवर्षं.

चार्ल्स मार्टेल नावाचा एक अमेरिकन कप्तान होता. जहाजावरचा, उंचपुरा, सहा फुटांहून उंच. काही वर्षांत त्याची उंची सुमारे सात इंचांनी कमी झाली. विचार कर! तुझ्या वहीवर ठेवलेली पट्टी आहे ना, तिच्या अर्ध्याहून जास्त! हाडांतून कॅल्शियम निघून गेलं, पाठीचे मणके चेपत गेले आणि कप्तान खुजा झाला. डॉक्टरांना संशय आला परावटूचा. १९२६ पासून त्याच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. एक, दोन, तीन... गाठ सापडेचना! कप्तान स्वतः ग्रंथालयात जाऊन शरीरशास्त्राची पुस्तकं वाचायला लागला. शेवटी १९३२ साली सातव्या शस्त्रक्रियेत गाठ सापडली. कुठे? गळ्यात नाही, छातीत! बाळ आईच्या पोटात घडत असताना या ग्रंथी गळ्यात वरून खाली सरकत येतात. एखादी वाट चुकून पार छातीत जाऊन बसते. लपाछपीत कुणी शेजारच्या इमारतीत लपावं तसं! बिचारा कप्तान त्यानंतर फार दिवस जगला नाही, मूत्रपिंडांतल्या खड्यांनी त्याला गाठलं. पण या ग्रंथींबद्दल डॉक्टर त्याच्याकडून खूप शिकले.

पण मुळात धरणवाल्याला पट्टी दिसेनाशी होते कशी? त्यासाठी मला तुला माझ्या आजीची वही दाखवावी लागेल.

माझ्या आजीची एक पाककृतींची वही होती. म्हणजे आहे, अजून आहे, माझ्याच कपाटात आहे. जाड पुठ्ठा, पिवळी पानं, शाईचं अक्षर. आजी पाक करता करताच वही बघायची. मग काय! गुळाचा पाक पानांवर ठिबकायचा. दोन पानं चिकटली ती चिकटलीच. त्या पानांवरचं एक अक्षरही बदललेलं नाही. शाई तशीच, कानामात्रा तशीच. पण पान उघडतच नाही, म्हणून तो पदार्थ घरात कधी होतच नाही!

तुझ्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत अशीच एक वही असते. पेशी म्हणजे शरीराची सगळ्यात छोटी वीट. वहीचं नाव डीएनए. तिच्यात सुमारे २०,००० कृती लिहिलेल्या असतात. एकेका कृतीला म्हणतात जनुक. आणि गंमत बघ, डोळ्यातल्या पेशीत आणि पायाच्या अंगठ्यातल्या पेशीत वही एकच! अगदी तीच! मग अंगठ्याने बघता का येत नाही?

कारण प्रत्येक पेशीत वेगवेगळी पानं चिकटवलेली असतात. अंगठ्याच्या पेशीत 'डोळा' ही पानं बंद. डोळ्याच्या पेशीत 'नख' हे पान बंद. बरं झालं! डोळ्यात नखं उगवली असती तर?

पान बंद करायच्या दोन युक्त्या तर मला फारच आवडतात. पहिली, टिकली. आईच्या आरशावर टिकल्या चिकटवलेल्या असतात ना, तशी एक अगदी बारीक टिकली डीएनएवर चिकटते. तिचं नाव मिथाइल. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस, एवढीच ती! पण अशा बऱ्याच टिकल्या कृतीच्या सुरुवातीलाच लागल्या की ती कृती कुणी वाचत नाही.

दुसरी युक्ती भोवऱ्याची. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर लांब भरतो, घराच्या दाराएवढा! तो एवढ्याशा पेशीत मावणार कसा? म्हणून तो छोट्या छोट्या गोळ्यांभोवती गुंडाळलेला असतो. भोवऱ्याला दोरी गुंडाळतात तसाच. दोरी सैल असेल तर अक्षरं दिसतात. गच्च आवळली तर झाकली जातात.

अक्षर न बदलता नुसतं वाचणं चालू-बंद करायच्या या साऱ्या खटपटीला शास्त्रज्ञ एपिजेनेटिक्स म्हणतात. नाव अवघड आहे. 'चिकटलेल्या पानांचं शास्त्र' म्हण, चालेल. पुण्यात पाषाणला आयसर नावाची संस्था आहे, तिथे याच शास्त्रावर संशोधन झालेलं आहे.

विश्वास बसत नाही? मग वर कड्याकडे बघ. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहळं लटकतात. (लांबूनच बघ! दगड मारलास तर मी तुझा मामा नाही.) आग्याच काय, झाडाच्या ढोलीतल्या सातेरीच्या पोळ्यातही एक राणीमाशी आणि हजारो कामकरी माशा असतात. राणी मोठी, अंडी घालणारी. कामकरी लहान, राबणाऱ्या. वाटेल की दोघींची वही वेगळी असणार. नाही! राणी होणारी अळी आणि कामकरी होणारी अळी, दोघींची वही एकाच जातीची. फरक खाण्याचा. राणीच्या अळीला शेवटपर्यंत खास खुराक, रॉयल जेली. बाकीच्यांना तो थोडे दिवस, मग साधं जेवण.

२००८ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी एक खोडकर प्रयोग केला. त्यांनी मधमाश्यांच्या अळ्यांमध्ये टिकल्या चिकटवणारं यंत्रच बंद पाडलं. आणि काय झालं असेल? त्यातल्या बहुतेक अळ्या राण्या झाल्या! वहीतलं अक्षरही न बदलता! मला हा प्रयोग इतका आवडतो, की मी तो जेवताना, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीतही सांगतो. घरचे कंटाळलेत.

आता परत गळ्यात जाऊ.

परावटूच्या पेशीत एक पान फार महत्त्वाचं. त्यावर लिहिलंय, 'पट्टी कशी बनवायची.' ही पट्टी म्हणजे पेशीच्या अंगावर बसलेला एक चिमुकला मोजणारा. रक्तातलं कॅल्शियम तो चाखतो आणि पेशीला सांगतो, "पुरे!" १९९३ साली शास्त्रज्ञांनी त्याची कृती पहिल्यांदा शोधली, तीसुद्धा गाईच्या परावटू ग्रंथीतून. आधी गेंडा, मग गाय!

आणि चंदीगडला पीजीआय नावाचं मोठं रुग्णालय आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या गळ्यातून काढलेल्या गाठी तपासल्या. २०२० साली त्यांनी जे छापलं, ते वाचून मी खुर्चीतून उठलो. गाठींमध्ये पट्ट्या कमी होत्या. का? पट्टीच्या कृतीवर मिथाइलच्या टिकल्या जास्त चिकटलेल्या! शिवाय तिथली भोवऱ्याची दोरीही जास्त आवळलेली! दोन्ही युक्त्या एकदम!

म्हणजे कळलं ना? धरणवाला झोपलेला नाही. तो आळशीही नाही. त्याच्याकडे पट्टीच धड उरलेली नाही. कारण पट्टी बनवायचं पान गुळाने चिकटलंय!

आणखी एक पान आहे, ब्रेकचं. सायकलला ब्रेक असतो, तसा पेशीलाही असतो. 'आता वाढू नकोस' असं सांगणारा. त्यातल्या एका ब्रेकचं नाव विचित्र आहे, रॅसएफ-वन-ए. नाव विसरलास तरी चालेल, मीही वहीत बघून लिहिलं. २०१० साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी परावटूच्या गाठी तपासल्या, तेव्हा जवळजवळ सगळ्याच गाठींत या ब्रेकच्या पानावर टिकल्या सापडल्या. स्वीडन! सँडस्ट्रॉमचाच देश!

मग चिकटलेल्या पानांमुळे गाठ झाली, की गाठ झाल्यामुळे पानं चिकटली? आधी कोंबडी की आधी अंडं? यावर शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवताहेत. शिवाय काही गाठींत खरोखरच अक्षर चुकलेलं असतं. 'मीठ' लिहायच्या जागी 'पीठ'. अशी एक चूक घराण्यात आजीकडून आईकडे, आईकडून मुलाकडेही जाते. तिचं जनुक १९९७ साली सापडलं. आणि मजा म्हणजे, ते जनुक ज्याची कृती सांगतं, तो मदतनीस भोवऱ्याची दोरी सैल-घट्ट करणाऱ्यांच्या टोळीतलाच निघाला! अक्षर चुकलं आणि त्यामुळे चिकटवणाऱ्यांचाच गोंधळ झाला. शिक्षकच गैरहजर, मग वर्गाचं काय होणार?

"मामा, मग पानं उघडता येत नाहीत?" भाचीचं कणीस संपलं होतं. आता ती बुरखुंडा चोखत होती.

येतात ना! अक्षर खोडणं कठीण, पण टिकली काढता येते. रक्ताच्या काही आजारांत टिकल्या कमी करणारी औषधं डॉक्टर खरोखर देतात. परावटूच्या गाठींच्या पेशींवरही प्रयोगशाळेत असं औषध टाकून पाहिलंय आणि काही बंद पानं पुन्हा वाचली गेली. पण ते काचेच्या बशीतल्या पेशींमध्ये. माणसांसाठी अजून तरी सरळ उपाय म्हणजे गाठ काढून टाकणं. उरलेले तीन धरणवाले काम सांभाळतात. ते आधी थोडे सुस्तावलेले असतात, कारण इतके दिवस चौथाच सगळं करत होता. वर्गात एकच जण सारखा उत्तरं देत असेल तर बाकीचे पेंगतात ना, तसंच.

आणि आता ती गंमत! निम्म्या चिठ्ठ्या चार-पाच मिनिटांत विरून जातात म्हणालो होतो, आठवतं? डॉक्टर गाठ काढतात. रुग्ण अजून टेबलावर झोपलेला. घड्याळ लावतात. दहा मिनिटं थांबतात. मग रक्ताचा थेंब तपासतात. पीटीएचच्या चिठ्ठ्या निम्म्याहून खाली आल्या असतील, तर ओरडणारा सापडला! नसतील, तर आणखी कुणीतरी कुठेतरी लपून ओरडतोय, शोधा! दहा मिनिटं म्हणजे तुझी मधली सुट्टीही नाही. बिचाऱ्या कप्तान मार्टेलच्या वेळी ही युक्ती असती तर!

पाऊस वाढला. आम्ही टपरीच्या पत्र्याखाली सरकलो. खाली आंबी नदीच्या पात्राकडे बघत भाची बराच वेळ गप्प होती. तिच्या बाबतीत हेही एक आश्चर्यच. मग म्हणाली, "आजीच्या वहीतलं ते पान उघडू या?"

घरी आल्यावर किटलीत पाणी उकळलं. चिकटलेली पानं वाफेवर धरली, हात पोळू नयेत म्हणून चिमट्याने. भाची श्वास रोखून बघत होती. गूळ हळूहळू सैल झाला. बोथट सुरीचं टोक घातलं. चर्रर्र! पान उघडलं!

आजीचं अक्षर. वर लिहिलेलं, 'नाचणीचे लाडू.' खाली एकेक जिन्नस ओळीत मांडलेला. नाचणीचं पीठ दोन वाट्या, भाजून. साजूक तूप पाऊण वाटी. सुंठ चिमूटभर. आणि पुढची ओळ, 'गूळ...'

गूळ किती, ते गुळानेच खाऊन टाकलं होतं!